विजासन लेणी

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती (जुने नाव भांदक) येथील विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी. नागपूर–चंद्रपूर मार्गावर, चंद्रपूरच्या सुमारे २५ किमी अलीकडे हे तालुक्याचे गाव असून नागपूर–बल्लारशा लोहमार्गावरील भांदक स्थानकही जवळच आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांत स्तंभयुक्त ओसरी, तिच्यामागे प्रशस्त मंडप आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या अशी रचना पाहण्याची सवय असलेल्या माणसाला विजासनचा आराखडा अगदी वेगळा वाटतो. येथे टेकडीच्या पोटात सरळ आत गेलेला सुमारे ७१ फूट लांबीचा अरुंद मार्ग आहे. त्याच्या टोकाला गर्भगृह असून त्यात बुद्धाची बसलेली भव्य मूर्ती कोरली आहे. या मार्गाला काटकोनात दोन्ही बाजूंना आणखी एकेक मार्ग फुटतो आणि त्यांच्या टोकांनाही गर्भगृह व मूर्ती आहे. त्यामुळे लेणे पाहणे म्हणजे येथे मुख्यतः आत चालत जाणे होय; दर्शनी भागावरून अंतर्भागाचा अंदाज येत नाही. पूजेसाठी स्तूपाऐवजी बुद्धमूर्तीची योजना असल्याने ही गर्भगृहे महायान या बुद्धमूर्तीची पूजा करणाऱ्या बौद्ध परंपरेशी जोडणे सयुक्तिक ठरते.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३–७४ च्या दौऱ्यानंतर या लेण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सातव्या शतकात चिनी बौद्ध प्रवासी ह्युएन त्संगने पाहिलेली (दक्षिण) कोसल देशाची राजधानी म्हणजे भांदक, असेही त्यांनी सुचविले होते. पुढे मात्र अनेक अभ्यासकांनी छत्तीसगडमधील सिरपूरला पसंती दिली. राजधानी असो वा नसो, बौद्ध लेणी, भद्रनाग मंदिर आणि जैनांचे पार्श्वनाथ तीर्थ एकाच गावात असल्याने भद्रावतीचे धार्मिक महत्त्व दीर्घकाळ टिकून राहिले, हे उघड आहे.

विजासन हे केवळ पुरातत्त्वीय स्थळ नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे दीक्षा समारंभ झाला. त्यानंतर आसपासच्या खेड्यांतील बौद्ध कुटुंबांसाठी ही टेकडी वंदनेची जागा ठरली. बुद्धपौर्णिमेला आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळ्याच्या दिवसांत येथे येणाऱ्यांचा हेतू शिल्प न्याहाळण्याइतकाच मूर्तीपुढे त्रिशरण (बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाण्याचे वचन) म्हणण्याचा असतो. आत उजेड अपुरा असल्यामुळे बारकावे पाहायचे असल्यास विजेरी सोबत असावी. चंद्रपूरच्या कडक उन्हाळ्यात टेकडी दुपारी चढण्यापेक्षा सकाळी गाठणे बरे.

विदर्भात अन्यत्रही लेणी आहेत. अकोला जिल्ह्यातील पातूर येथील लेणी अपूर्ण राहिली असून, महाराष्ट्र–मध्य प्रदेश सीमेवरील सालबर्डीला महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी लोटणाऱ्या गर्दीपैकी फार थोडे लोक तेथील बौद्ध लेण्यांकडे वळतात.