कचऱ्यावर उभे राहिलेले रान

धारावी आगाराच्या थांब्यावर बसमधून उतरून रस्ता ओलांडला, की महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे फाटक लागते. एका अंगाला वांद्रे-शीव जोडरस्त्यावरची वाहने, दुसऱ्या अंगाला मिठी नदी आणि तिच्या काठची तिवरे, आणि मधल्या सुमारे ३७ एकरांत दाट झाडी. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी आई, आम्ही नवरा-बायको आणि आमची नऊ वर्षांची मुलगी असे चौघे तेथे गेलो होतो. मुलीला फुलपाखरे दाखवायची, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात सकाळचा बराचसा वेळ गेला तो मान खाली घालून पायाखालची जमीन पाहण्यात.

ती जमीन होतीच तशी पाहण्याजोगी. एके काळी या जागेवर शहराचा कचरा टाकला जात असे. १९८३ मध्ये डॉ. सलीम अली यांच्या हस्ते येथे पहिले झाड लावले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आईला जुने दिवस आठवतात. त्या काळी या बाजूने जाताना नाकाला पदर लावावाच लागे, असे ती म्हणते.

कचऱ्यावर झाड वाढवणे हे वाटते तितके सरळ काम नाही. कचऱ्यात खतच खत असणार, मग झाडे आपोआप फोफावतील, असा आपला समज असतो. परंतु ढिगाच्या वरच्या थरातील हवा जिवाणू झपाट्याने संपवतात आणि त्याखाली, जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही तेथे, वेगळ्याच सूक्ष्मजीवांचे राज्य सुरू होते. ते मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. हे वायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत भरून राहिले, की मुळांना लागणारा ऑक्सिजन तेथून हुसकला जातो आणि पाणी मुबलक असूनही रोप गुदमरते. हाच मिथेन पेटही घेतो. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर मुंबईकर विसरलेले नाहीत. शिवाय आतला माल कुजत जाईल तशी जमीन कमी-अधिक खचत राहते. त्यामुळे अशा जागी सुरुवातीला चिवट झाडेच तग धरतात.

शेंगा धरणाऱ्या कुळातील शिरीष, करंज, पांगारा ही झाडे अशा वेळी विशेष कामाची ठरतात. त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणतात. जिवंत गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी दिसते. तो रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका नातलगाचा असतो, आणि त्याचे काम म्हणजे जिवाणूंना श्वसनापुरता ऑक्सिजन पुरवणे, पण तो मोकळा साचू न देणे, कारण जादा ऑक्सिजनने नत्र बांधणारे विकर निकामी होते.

पुढचे काम गळलेली पाने करतात. पायवाटेच्या कडेला मुलीने काडीने पाचोळा हलकेच बाजूला केला. वर कोरडी, करकरीत पाने; त्याखाली ओलसर, तपकिरी, एकमेकांना चिकटलेली; आणि त्याखाली एक पान असे, की त्याच्या फक्त शिरा उरल्या होत्या. लहानपणी वहीत जपून ठेवलेल्या पिंपळपानासारखीच ती जाळी होती. पानाचा मऊ भाग जिवाणू लवकर खातात, पण शिरांमध्ये लिग्निन नावाचे चिवट द्रव्य असते आणि ते फोडण्याची खरी हातोटी बुरशीकडे आहे. त्या पानाला बिलगलेले कापसासारखे पांढरे धागे बुरशीचेच होते. जवळच एक पैसा, म्हणजे काही ठिकाणी ज्याला वाणी म्हणतात तो बहुपाद प्राणी, गुंडाळी करून पडला होता. मुलगी दचकली, परंतु पैसा चावत नाही. तो कुजकी पाने कुरतडून त्यांचा भुगा करतो, आणि त्यामुळे सूक्ष्मजीवांना पाय रोवायला कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो. कोरड्या पानांत नत्राच्या मानाने कर्ब फार असतो, म्हणून नुसता पाचोळा सावकाश कुजतो. शेंगवर्गीय झाडांच्या नत्रयुक्त पानांची भर पडली, की हीच क्रिया वेग घेते.

फुलपाखरांचे म्हणाल तर, लिंबाच्या एका झुडपाशी आईच पुढे झाली. पानावरच्या हिरव्या अळीकडे पाहून ती म्हणाली, “अगं, ही तर माझ्या कढीपत्त्यावरची!” तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले असल्यामुळे काही फुलपाखरांच्या अळ्यांना दोन्ही चालतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळीही याच कुळातील झाडांवर अंडी घालते. अळीला गवताच्या काडीने किंचित स्पर्श होताच डोक्यामागून तांबूस, दोन टोकांचे शिंग बाहेर आले आणि उग्र वास सुटला. मुंग्या-कोळ्यांना पळवण्याचा तिचा हा उपाय. खालच्या पानावर तिच्या बारीक लेंड्या साचल्या होत्या. खाल्लेल्या पानाचा मोठा हिस्सा असाच जमिनीवर परततो, आणि तोही आधीच दळलेल्या रूपात. बाल्कनीतल्या अळ्या चिमट्याने वेचून फेकणाऱ्या आईला ही माहिती फारशी पटली नाही, हे नमूद केले पाहिजे.

घरी आल्यावर मुलीने एका रिकाम्या कुंडीत माती भरून चार वस्तू पुरल्या: केळीची साल, पिंपळाचे पान, फुटलेल्या कपबशीचा तुकडा आणि त्या दिवशी बसमध्ये संपवलेल्या वेफर्सचे पाकीट. दर पंधरा दिवसांनी ती उकरून पाही. साल दीड महिन्यात ओळखू येईनाशी झाली. पान उन्हाळ्यापर्यंत टिकले आणि मग त्याची जाळी झाली. भट्टीत भाजलेली कपबशी होती तशीच राहिली. पाकिटाची कड थोडी मळली आहे, इतकेच. त्यावरची छापील तारीख आजही चष्म्याशिवाय वाचता येते.