थंड, पण किती थंड?

लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच लसीकरणाच्या सकाळी डीप फ्रीझरमधले आईस पॅक (पाणी भरून गोठवलेले डबे) वरच्या पांढऱ्या बर्फासकट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या पेटीत, भरले जातात आणि आता संध्याकाळपर्यंत चिंता नाही, असं वाटतं. पण डीप फ्रीझर उणे १५ ते उणे २५ अंशांवर चालतो, लसीला हवेत २ ते ८ अंश, आणि हेपॅटायटिस बीची लस उणे अर्ध्या अंशालाच गोठते.

पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हेपॅटायटिस बी, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प) आणि पीसीव्ही (न्यूमोकॉकसवरची) या लसींमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लसीतला कामाचा भाग या क्षारांच्या बारीक कणांना धरून असतो. लस गोठली की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि बर्फ वितळला तरी त्या सुटत नाहीत. अशी लस टोचल्यावर मांडी सुजते, गाठ येते आणि संरक्षण मात्र अपुरं मिळतं. कार्डावर तारीख पडलेली असते, त्यामुळे त्या बाळाला कुणी पुन्हा बोलावत नाही. म्हणून ही चूक फार वाईट.

कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी वर्तुळ-चौकोनाची खूण, इथे मदत करत नाही. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला तर टाकून द्यायची. पण तो फक्त उष्णतेचा हिशेब ठेवतो. गोठून वितळलेल्या कुपीवरही चौकोन छान पांढरा दिसतो.

उपाय साधा आहे, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. आईस पॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर सुटे मांडा, एकावर एक रचू नका. वरचा बर्फ जाऊन पॅकला घाम सुटला पाहिजे. मग कानाजवळ धरून हलवा. आत पाणी खळखळलं की बर्फ शून्य अंशाला आला, आता कॅरिअरच्या चारही बाजूंना लावा. किती मिनिटं, हे घड्याळावरून ठरवू नका. मे महिन्यात विदर्भात लागणारा वेळ आणि डिसेंबरात महाबळेश्वरला लागणारा वेळ सारखा नसतो. पॅक भरताना खुणेपर्यंतच पाणी घाला आणि त्यात मीठ मुळीच टाकू नका. मिठाचं पाणी शून्याखाली वितळतं, म्हणजे खळखळ ऐकू आली तरी लस गोठू शकते.

आयएलआरमध्येही (लसी साठवायचा, बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज) तळ सर्वांत थंड. पोलिओ थेंब, गोवर-रुबेला, बीसीजी (क्षयरोगाची लस) खाली; गोठण्याची भीती असलेल्या लसी वरच्या बास्केटमध्ये. तापमानाची नोंद दिवसातून दोनदा.

शंका आली तर शेक टेस्ट करा. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवा, तिच्यावर तशी खूण करा आणि सकाळी पूर्ण वितळू द्या. ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून १०–१५ सेकंद हलवा, मग शेजारी-शेजारी ठेवून अर्ध्या तासापर्यंत बघा. गोठवलेल्या कुपीत गाळ भराभर खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. संशयित कुपीतला गाळही तितक्याच किंवा जास्त वेगाने बसला तर ती लस गेली. कुपी डोळ्यांदेखत गोठलेली मिळाली तर टेस्ट कशाला? ती सरळ बाद.

आयपीव्हीला, म्हणजे टोचायच्या पोलिओ लसीला, मात्र ही टेस्ट लागू पडत नाही, कारण खाली बसायला तिच्यात असा गाळच नसतो. ती गोठली होती की नाही हे कुपी बघून कधीच कळणार नाही.

गोवर-रुबेला आणि बीसीजीचं दुखणं वेगळं. या लसी पूड स्वरूपात येतात आणि गोठल्याने बिघडत नाहीत, पण द्रावण मिसळल्यावर नाजूक होतात. द्रावण त्याच लसीसोबत आलेलं आणि आदल्या दिवसापासून २ ते ८ अंशांत ठेवलेलं हवं. कोमट द्रावणाने लसीतले जिवंत जंतू मरतात. या कुप्यांत जंतुरोधक नसतो. आत शिरलेले स्टॅफिलोकॉकस जंतू काही तासांत विष तयार करतात, आणि तशी लस टोचलेल्या बाळाला ताप, उलट्या, जुलाब होऊन जीवही जाऊ शकतो. पेंटा, टीडी यांच्या उघडलेल्या कुप्या नियम पाळून २८ दिवस वापरता येतात, ही सवलत यांना नाही.

म्हणून मिसळल्याची वेळ लगेच लेबलवर लिहा. ४ तास झाले किंवा सत्र संपलं, जे आधी होईल तेव्हा उरलेली लस बाजूला काढा. डोस वाया जातील म्हणून एकट्या आलेल्या बाळाला ‘पुढच्या वेळी या’ असं सांगून परत पाठवू नका. एका बाळासाठीही कुपी फोडायची मुभा आहे.