द बर्थडे ईव्ह (लाउडनेसचा अल्बम)

द बर्थडे ईव्ह हा लाउडनेस या जपानी हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम, २५ नोव्हेंबर १९८१ ला निप्पॉन कोलंबियाने काढलेला. जपानी नाव तान्जो झेन्या, म्हणजे जन्माची आदली रात्र. गाणी ८. गायक मिनोरू नीहारा, गिटारवर अकिरा ताकासाकी, बेसवर मासायोशी यामाशिता आणि ड्रम्सवर मुनेताका हिगुची. अल्बम आला तेव्हा चौघांत सगळ्यात मोठा हिगुची, तोही २२ वर्षांचा, आणि यामाशिताला तर अजून २० पण पूर्ण व्हायची होती.

हा अल्बम नीट समजायचा तर आधी लेझी हा बँड माहीत पाहिजे. ओसाकातल्या पोरांनी डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक बँडच्या एका गाण्यावरून हे नाव घेतलं होतं, म्हणजे डोक्यात काय होतं ते उघडच आहे, पण १९७७ ला प्रोफेशनल झाल्यावर त्यांना बनवलं गेलं आयडॉल पॉप ग्रुप, गोड गोड गाणी, चकचकीत कपडे, प्रत्येकाला एक टोपणनाव (ताकासाकीचं सुझी, हिगुचीचं डेव्ही) आणि समोर किंचाळणाऱ्या शाळकरी मुली. १९७८ मध्ये त्यांचं एक गाणं जोरदार हिट पण झालं. १९८० च्या शेवटच्या अल्बममध्ये त्यांनी हार्ड रॉककडे वळायचा प्रयत्न केला आणि १९८१ ला बँड मोडला. लेझीचा गायक हिरोनोबु कागेयामा म्हणजे पुढे ड्रॅगन बॉल झेड या जपानी कार्टून मालिकेचं टायटल साँग गाणारा तोच. ताकासाकी आणि हिगुचीने मात्र थेट मेटल धरलं, बेससाठी ताकासाकीने आपला लहानपणीचा दोस्त यामाशिताला आणलं, आणि नीहारा आला अर्थशेकर या ओसाकाच्याच बँडमधून.

लेझी मोडल्याच्या वर्षीच हा अल्बम बाहेर पडला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटलंय असं ऐकताना सतत जाणवतं, आणि माझ्या मते याची खरी ताकद तीच आहे. पहिल्याच गाण्याचं नाव बँडच्याच नावाचं.

ताकासाकीबद्दल थोडं जास्त लिहायलाच हवं. बँडमध्ये गिटारिस्ट एकच, त्यामुळे स्टेजवर सोलो सुरू झाला की खाली साथीची रिदम गिटार नसायचीच, फक्त बेस आणि ड्रम्स, आणि ती रिकामी जागा यामाशिता आणि हिगुचीला भरून काढावी लागायची. ताकासाकी टॅपिंग भरपूर वापरतो, म्हणजे उजव्या हाताची बोटं पण गिटारच्या दांडीवरच तारांवर आपटून सूर काढायचे, ही पद्धत व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमने जगभर पोचवली होती आणि अवघ्या २० व्या वर्षी ताकासाकी ती इतक्या सफाईने वाजवत होता की आजही ऐकताना थक्क व्हायला होतं. पण सगळा अल्बम नुसता वेगवान नाही, टू बी डीमन हे गाणं संथ आणि जडशीळ आहे. नीहारा गातो मुख्यतः जपानीत, मधेमधे इंग्रजी ओळी.

जपानमध्ये त्याआधी हेवी रॉक नव्हतं असं मुळीच नाही. बाउ वाउ हा बँड १९७६ पासून अल्बम काढत होता, डीप पर्पलचा मेड इन जपान हा लाइव्ह अल्बम १९७२ ला ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झाला होता, म्हणजे ऐकणारं पब्लिक तयारच होतं. लाउडनेसनंतर मात्र मोठ्या कंपन्या मेटल बँड्सना साइन करायला लागल्या, अर्थशेकरचा पहिला अल्बम १९८३ ला आला, हिगुचीने त्याच वर्षी मारी हामादा या गायिकेचा पहिला अल्बम प्रोड्यूस केला, आणि या सगळ्या लाटेला तिकडे जापामेटा म्हणतात.

बँडचा पुढचा अल्बम १९८२ चा डेव्हिल सोल्जर. जगात नाव झालं ते १९८५ च्या थंडर इन द ईस्टमुळे, तो अमेरिकेत अ‍ॅटको लेबलवर आला आणि बिलबोर्डच्या यादीत ७४ व्या नंबरपर्यंत गेला. बरेच जण लाउडनेस तिथूनच ऐकायला लागतात आणि तिथेच थांबतात, त्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा, कारण अमेरिकन मार्केटसाठी घासूनपुसून घेतलेला आवाज इथे नाही, थोडा ओबडधोबड आहे पण चौघं जीव तोडून वाजवतायत.