अरबीचा ‘ऐन’ आणि इंग्रजी कान

इंग्रजी बोलणारा माणूस अरबी शिकायला लागला की जीभ वळत नाही अशी तक्रार करतो. पण घोळ बहुतेकदा कानात असतो. त आणि ट यांतला फरक आपल्याला ढळढळीत वाटतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली दाखवलं, की हिंदीतला हा फरक इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही कळतो. वर्षाची होता होता मात्र बहुतेकांना तो ओळखू येईनासा होतो. मोठेपणी शिकताना हा मिटलेला कान पुन्हा उघडावा लागतो.

अरबीत साधा आणि ‘जड’ अशा दोन तऱ्हेचे त, द, स आहेत. जड उच्चारात जिभेचं टोक दातांपाशीच राहतं, पण मागचा भाग घशाकडे ओढला जातो. ‘तीन’ म्हणजे अंजीर. जड त लावला की चिखल! नवशिक्या व्यंजनातला फरक शोधत बसतो, आणि तो तिथे नीट सापडत नाही. तो शेजारच्या स्वरात जास्त स्पष्ट असतो. साध्या त-नंतरचा ‘आ’ पुष्कळदा ‘कॅट’मधल्या स्वराकडे झुकतो, जड त-नंतरचा ‘फादर’मधल्या. हे दोन्ही स्वर इंग्रजीत आहेतच. मला तर वाटतं, शिकवण्याची सुरुवात इथूनच करावी.

‘ऐन’ या अरबी अक्षराला असा आधार नाही. त्यासाठी जिभेचं मूळ घशाच्या मागच्या भिंतीकडे न्यावं लागतं. चष्म्याची काच पुसताना आपण ‘हाऽ’ करतो तो श्वास घशात आवळला, की अरबीतला जड ‘ह’ जवळ येतो. त्यात आवाज मिसळला की ‘ऐन’. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी अरबीचा पहिला शब्दकोश रचला तो याच अक्षरापासून: घशातून निघून ओठांपर्यंत. आपली क-वर्ग ते प-वर्ग ही वाटही तशीच. त्यांचे शिष्य सीबवैह यांनी तर घशाचेच तीन टप्पे पाडले, आणि ‘ऐन’ मधल्या टप्प्यावर ठेवला.

‘क़ाफ’ या अक्षरासाठी जिभेचा मागचा भाग पडजिभेला टेकवावा लागतो. यात मात्र थोडी सवलत आहे. कैरोच्या रोजच्या बोलण्यात ‘क़ल्ब’चा, म्हणजे हृदयाचा, उच्चार बहुधा ‘अल्ब’ होतो, सुरुवातीला घशात एक झटका देऊन. लंडनची कॉकनी बोली बोलणारा माणूस ‘बॉटल’मधला ट गिळताना तोच झटका देतो.