ग्रीन हॉल काउबॉयांनी बांधला का?

टेक्सासमधील न्यू ब्राउनफेल्स येथील ग्रीन हॉल हा नाचगाण्याचा हॉल काउबॉयांनी कंट्री संगीतासाठी, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या संगीतासाठी उभारला, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे; तो चुकीचा आहे. हे गाव १८४५ मध्ये जर्मन स्थलांतरितांनी वसवले आणि १८७८ मध्ये हा हॉल बांधणारे हेन्री ग्रीन हे त्याच समाजातले, कापसाच्या धंद्यात जम बसवलेले गृहस्थ होते. कंट्री संगीत या नावाचा प्रकारच तेव्हा रूढ नव्हता, त्याच्या ध्वनिमुद्रिका १९२० च्या दशकात निघू लागल्या. त्यामुळे इथल्या लाकडी फरशीवर आधी वॉल्ट्झ आणि पोल्का हे युरोपीय जोडीनृत्याचे प्रकार रंगले, हे ओघानेच आले. टेक्सासमधले असे कित्येक हॉल जर्मन आणि चेक वस्त्यांनी, अनेकदा गायन मंडळांनी किंवा नेमबाजी मंडळांनी बांधले. ते निव्वळ दारूचे गुत्ते होते हेही खरे नाही, कारण तिथे आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सारे कुटुंब येई. ग्रीन हॉलमध्ये आजही वातानुकूलन नाही. पत्र्याच्या छपराखाली बाजूच्या झडपा उघडल्या की वारा खेळतो. १९७५ नंतर, मालकी बदलल्यावर, कंट्री गायकांची इथे खरी वर्दळ सुरू झाली आणि पुढे प्रसिद्ध झालेले कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेट उमेदवारीच्या काळात इथे नियमित गात असत.