व्हॅनचे पत्राकाम

व्हॅनचा गंजून भोक पडलेला पत्रा कापून काढणे, त्या जागी नवा पत्रा जोडणे आणि सांधे पाण्याला बंद करणे या कामाला नागपुरात सरसकट ‘पत्राकाम’ किंवा ‘पॅच मारणे’ म्हणतात. काम डेंटरचे, त्याच्याकडून गाडी पेंटरकडे जाते. छोट्या व्हॅनला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्रा हाच तिचा सांगाडा असतो, त्यामुळे तळाचे भोक केवळ दिसण्यापुरते राहत नाही.

नागपुरात हे काम सर्वाधिक निघते ते मारुती ओम्नीचे. 1984 साली ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. शाळेची मुले, संत्र्याचे क्रेट, मंडपाचे सामान असे सगळे तिने वाहिलेले असते.

शहर समुद्रापासून लांब, हवेत खार नाही. म्हणून कोकणातल्या गाडीपेक्षा इथली गाडी उशिरा गंजते. नुकसान होते ते चिखलाने. काळ्या मातीचा चिखल चाकाच्या कमानीत आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत जाऊन बसतो, वरून सुकला तरी आत ओल धरून राहतो. दुसरी जागा रबरी मॅटखालचा फरशीचा पत्रा. पावसाळ्यात मुलांच्या बुटांबरोबर आलेले पाणी मॅटखाली मुरते आणि पत्रा वरून सडत जातो. रंगाला फोड आलेला दिसला की तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून पाहावी. चांगला पत्रा खणखणतो. सडलेल्यातून दबका आवाज येतो आणि मुठीऐवजी टोक लावले तर ते सरळ आत जाते. बाहेरून रुपयाएवढे दिसणारे भोक आतून तळहाताएवढे निघणे नेहमीचेच.

कामाआधी बॅटरीची तार काढतात, सीट, मॅट आणि फोम बाहेर घेतात. गॅसकिट असेल तर ते उतरवल्याशिवाय आणि पेट्रोलची टाकी व नळी कुठून जाते हे पाहिल्याशिवाय ठिणगी पाडू नये. या बाबतीत घाई करणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत न्यावी. मग ग्राइंडरने चकाकणारा, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापतात. काप इथे कमी पडला की सारे काम वाया जाते, कारण गंजलेल्या कडेवर टाका धरत नाही. ठिगळासाठी 20 किंवा 22 गेज जाडीचा पत्रा घेतात. तो इतवारीच्या लोहा ओळीत मिळतो. ठिगळाचे कोपरे गोल ठेवतात, टोकदार कोपऱ्यातून पुढे तडा जातो. पूर्वी गॅस वेल्डिंग आणि पितळी झाळण चाले. आता बहुतेक ठिकाणी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेले विजेचे) वेल्डिंग असते. त्यात सलग रेघ ओढत नाहीत. वेल्डिंगचा एक ठिपका म्हणजे टाका इकडे, दुसरा समोरच्या बाजूला, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा. सलग ओढली तर पातळ पत्रा तापून फुगतो आणि मग मागे डॉली म्हणजे लोखंडी ठोकळा धरून हातोडीने ठोकला तरी सरळ येत नाही.

लांबी म्हणजे पुट्टी हा फक्त वरचा थर. भोकात जाळी किंवा कागद कोंबून त्यावर लांबी फासणे स्वस्त पडते, पण वाळलेली लांबी ओल शोषते आणि मागे गंज चालूच राहतो. एका पावसाळ्यात तो तुकडा निखळतो. शाळेच्या व्हॅनला तर हे करूच नये. मागच्या फरशीतल्या भोकातून सायलेन्सरचा धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद काचांच्या गाडीत बसलेल्या मुलांना ते कळतही नाही. व्हॅनवाल्या काकांनी दोन दिवसांचा धंदा बुडाला तरी फरशीला पत्राच जोडून घ्यावा.

वेल्डिंग घासून झाल्यावर प्रायमर, मग सांध्यावर सीम सीलर म्हणजे फट बुजवणारा मसाला, खालून अंडरकोटिंग म्हणजे गंजरोधक लेप. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन इथे वापरू नये. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटते आणि उघड्या पत्र्याला तेच गंज लावते. दाराच्या खालच्या कडेला कंपनीने ठेवलेली बारीक भोके मात्र मोकळीच राहिली पाहिजेत. काचेवरून आत गेलेले पाणी तिथूनच बाहेर पडते. हौसेने ती बुजवली की दार आतून सडते.

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा हा या कामाचा हंगाम. सांधे कोरडेठाक असतात, प्रायमर लगेच वाळतो. मात्र 45 अंशांच्या उन्हात हार्डनर मिसळलेली लांबी वाटीतच घट्ट होऊ लागते, म्हणून पेंटर ती सकाळी सावलीत, थोडी थोडी कालवतो.

गाडी ताब्यात घेण्याआधी एकाने टॉर्च आणि खडू घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून खालपासून वरपर्यंत पाइपाने पाणी मारावे. जिथे थेंब दिसेल तिथे खडूची खूण करून तो सांधा पुन्हा कोरडा करून भरतात.