लायसन्स आहे म्हणजे डेकेअर चांगलंच, हे खरं नाही

अमेरिकेत हे वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं, की डेकेअरला राज्याचं लायसन्स असलं की झालं, मग स्टार रेटिंगवर (म्हणजे राज्य डेकेअरला दर्जाप्रमाणे स्टार देतं त्यावर) जनतेचा पैसा कशाला घालवायचा. अहो पण लायसन्स म्हणजे फक्त किमान अट, आगीपासून सुरक्षा, स्वच्छता, एका माणसामागे किती मुलं अशाच गोष्टी बघतात (तेही गरजेचंच आहे म्हणा).

रेटिंग त्याच्या पुढचं बघतं. बऱ्याच राज्यांत ट्रेनिंग घेतलेला माणूस वर्गात काही तास नुसता बसून बघतो, डायपर बदलताना ताई बाळाशी बोलते का, रडणाऱ्या पोराकडे कोणी वळतं का, पुस्तकं मुलांच्या हाताला येतात की वरच्या फळीवर ठेवलीत.

आणि पैसा नुसता तपासणीवर जातो असंही नाही. ओक्लाहोमाने 1998 मध्ये पहिल्यांदा राज्यभर हे रेटिंग सुरू केलं, तिथे जास्त स्टार असलेल्या डेकेअरला सरकारी मदतीवरच्या मुलांसाठी जास्त दर मिळतो, म्हणजे कमी कमाईच्या घरातल्या पोरांनाही चांगल्या ठिकाणी जागा मिळायची शक्यता वाढते. मला तर सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

हां, एका स्टारच्या फरकाने मूल हुशार होतं असं मात्र कोणी सांगू नये, तेवढा ठाम पुरावा नाहीये.